हैदराबादच्या उन्हाळ्यात घातलेली वेणी

मी घराच्या धाब्यावरून पडले तेव्हा माझी मुलगी भिंतीला धरून नुकतीच पावलं टाकायला लागली होती. त्या सकाळी ती खाली अंगणात खेळत होती, म्हणून वाचली. तिला काखोटीला मारून वर गेले असते तर काय झालं असतं, हा विचार पुढे कित्येक वर्षं मी छताकडे बघत करत राहिले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आम्ही दोघंही नवरा-बायको बोरीच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे वर्षाचं वाळवण सुट्टीतच उरकावं लागे. धाब्यावर जुनं लुगडं अंथरून मी कुरडया घालत होते. आत्या खाली चुलीवर चीक शिजवत होती. आत्या म्हणजे माझी सासू आणि वडिलांची सख्खी बहीण. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले, अगं-तूगं करत. लुगड्याचं टोक वाऱ्यानं दुमडलं म्हणून ते सरळ करत करत मी वाकूनच मागे सरत गेले. धाब्याला कठडा नव्हता. मागे पाय टाकला तिथं काहीच नव्हतं.

पडल्यावर दुखलं नाही, हेच मला नीट आठवतं. एक हात तोंडासमोर मातीत पडला होता. बोटांना चीक लागलेला, मनगटात हिरव्या बांगड्या. त्या बांगड्या मी संक्रांतीला जिंतूरहून भरून आणल्या होत्या, त्यावरून तो हात माझा आहे हे कळलं. मी तो उचलायला गेले. तो उचलला गेला नाही.

जीपमध्ये घालून मला परभणीला नेलं, तिथून औरंगाबादला. मान मोडली होती. डॉक्टर यांना बाहेर घेऊन गेले आणि हे परत आले ते तोंड धुऊन.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"येळ लागंल म्हणले."

"खरं सांगा."

हे खाटेवर टेकले. मग म्हणाले, "हात-पाय यायचे न्हाईत. बाकी तू हाय तशी हायेस."

बाकी मी होते तशी होते, हे खरंच होतं. बोलता येत होतं, मान थोडी वळत होती, खांदे जरासे उचलता येत होते. त्याखाली सगळं शांत. घरी आणून माझी बाज पुढच्या खोलीत, दाराशी टाकली. आत्या जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेली बाई. तिनं माझं आजारपण रानातल्या कामासारखं अंगावर घेतलं. दिवसातून किती वेळा कूस बदलायची, पाठीला तेल कधी लावायचं, सगळं तिनं ठरवून टाकलं. पहिल्याच आठवड्यात तिनं माझे केस कापले. कमरेपर्यंतचे होते.

"वाढतील पुन्हा," ती कात्री चालवत म्हणाली. "पण हे कोन इंचरायचं रोज? मला दोनच हात हायेत."

मी चारठाण्याकडची. आमच्या बौद्ध वस्तीत शिकून मास्तरीण झालेली पहिलीच मुलगी. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्या साली मी परभणीत डी.एड. करत होते. नामांतराच्या सभांना जायचे, घोषणा द्यायचे. यांची ओळख तशी लहानपणापासूनची, आत्याचाच मुलगा. पण हा माणूस मला आवडतो, हे कळलं ते तिथल्या एका सभेत, हे गर्दीत उभे राहून डबा खात होते तेव्हा. लग्नानंतरही मोर्चाला दोघं मिळून जायचो. मी बाजेवर पडल्यावर हे एकटे जायला लागले. परत आले की मला सगळं सांगत, कोण बोललं, कुठे अडवलं. मी ऐकत असे. हे थकून झोपले की मला रडू येई, आणि डोळे पुसता येत नसत. पाणी कानात जाऊन गार होई.

लोकांना वाटायचं, मला चालायची ओढ असेल. चालण्याचं मी लवकर सोडून दिलं होतं. मला हात हवे होते. मुलगी मोठी व्हायला लागली तसे जास्तच. ती माझ्या हाताशी खेळायची. बोटं एकेक करून उघडायची, त्यांत चिंचोके ठेवायची, पुन्हा मिटायची. मी बघत असायची; लागत काहीच नसे. तिचे केस माझ्यासारखे दाट आले. पहिलीला जायच्या आधीच आत्या तिच्या दोन वेण्या घालायला लागली. आत्याची बोटं जाड, घाईची. एक वेणी वर, एक खाली. भांग वाकडा. पोर तशीच हुंदडायला पळायची आणि मला त्या वाकड्या भांगाकडे बघवायचं नाही. तेल लावून, विंचरून, तीन पेड सारखे करून, घट्ट वेणी घालून रिबीन बांधायची. एवढंच एकदा करायला मिळावं असं वाटायचं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

त्या वर्षी पाठीला जखम झाली म्हणून मला परभणीला एका डॉक्टरांकडे नेलं. जखम भरेपर्यंत ते माझ्याशी बोलत असत. मी शिक्षिका होते हे कळल्यावर एक दिवस खुर्ची ओढून बसले.

"हैदराबादला माझा एक मित्र आहे," ते म्हणाले. "डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. तिथल्या एका दवाखान्यात मेंदूच्या लहरी कागदावर काढायचं यंत्र आहे, त्यावर तो काम करतोय. ज्यांचे हात चालत नाहीत पण डोकं लख्ख आहे, अशी माणसं त्याला हवी आहेत."

"तिथं बरी व्हईल का ही?" यांनी विचारलं.

"नाही. तिथं इलाज नाही. तिथं ते यांच्याकडून शिकणार आहेत."

 घरी आल्यावर हे भडकले. "तुझ्यावर प्रयोग करू द्यायला आणलंय व्हय मी तुला औरंगाबादहून? काय जनावर हायेस?"

"माझं डोकं तेवढंच चालायलंय," मी म्हणाले. "ते कुनाच्या कामी येत असंल तर येऊ द्या. आन् तुमी ऐकलं का, ते शिकनार हायेत म्हणले. माझ्याकडून. किती वर्षं झाली मी कुनाला काय शिकवून."

दुसऱ्या दिवशी हे डॉक्टरांना होकार कळवून आले.

सुट्टी लागल्यावर निघालो. मला फळीवर बांधून परभणीहून गाडीत चढवलं. आत्या बरोबर होती. मुलीला चारठाण्याला माझ्या आईकडे ठेवलं. निघताना ती रडली नाही, पण माझ्या गळ्यात तोंड घालून बराच वेळ वास घेत राहिली.

इंजिनियर तरुण होता. बारीक, चष्मा लावलेला, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. हैदराबादी हिंदी बोलायचा. आत्याचं लहानपण निजामाच्या राजवटीतलं, तिला ती भाषा चांगली येत होती. पहिल्याच दिवशी तिनं त्याला विचारलं, "बेटा, इसकू तकलीफ तो नै होती ना?"

"नै अम्मा. सिर पे तारां चिपकाते, बस."

खोली पंख्याखालीही तापलेली असे. माझ्या डोक्याला चिकट मलम लावून त्यावर तारा बसवत. बाजूला यंत्रातून कागदाची लांब पट्टी सरकत असे आणि बारीक पेनं तिच्यावर रेघा काढत. त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं, हे मला फार आवडलं. हात स्वस्थ असला की मेंदूच्या एका जागी एकसारखी लहर असते. हात हलवायला निघालं की ती दबते. "आपका हाथ नै हिलता," तो म्हणाला, "मगर हिलाने कू जो निकलता अंदर से, वो अब भी निकलता क्या, मेरे कू इत्ताच देखना है."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. तो म्हणे, मूठ वळा. मी मनात मूठ वळे. पेनं आपली त्याच चालीनं चालत. फळ्यावर अक्षर काढायचं म्हणून पाहिलं, तरी तेच. तो नाराज दिसत नसे, पण संध्याकाळी कागदाची भेंडोळी न बघताच गुंडाळून ठेवी. मला वाटायला लागलं, आतलंही गेलं आहे. औरंगाबादला जेव्हा कळलं होतं, त्यापेक्षा हे जास्त लागलं. हात गेला ते एकदा सोसलं होतं. हात हलवायला निघणारी मीच गेले असेन, तर मग बाजेवर कोण पडून होतं?

त्या दिवसांत मला मुलीची फार आठवण यायची. एकदा दुपारी, तारा लावलेल्या असतानाच, तो कसलीशी जोडणी करायला यंत्रामागे गेला होता. माझे डोळे मिटलेले. चारठाण्याला आता तिचे केस कोण विंचरत असेल, असं मनात आलं आणि मी तिला समोर बसवलं. तिच्या मानेवरचा घाम लागला. केस तेलकट, जड. उजव्या हाताच्या बोटांत एक पेड, डाव्या हातात दोन. एक वरून घेतला, खालचा ओढला, ती "आई, दुखतंय" म्हणाली, मी सैल केला...

"बहनजी!" तो यंत्रामागून ओरडला. "क्या कर रैं आप? रुको नक्को! वोइच करो!"

मी डोळे उघडले. पट्टीवर दबलेली लहर तेवढ्यात पुन्हा उसळली.

मी काय करत होते ते त्याला सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला. आम्ही दोघं मिळून ते उलगडत बसलो. मूठ वळा म्हटल्यावर मी माझी मूठ बाहेरून बघत होते, भिंतीवरच्या चित्रासारखी. वेणी घालताना मी बघत नव्हते. केसांचा जडपणा, तेल, ओढ हे सगळं हाताच्या आतून लागत होतं. त्यानं पुन्हा पुन्हा करायला लावलं. बघत केलं की लहर तशीच, आतून केलं की दबे. मग त्यानं दाराला टेकून टाळी वाजवली. तेव्हापासून कुणीही नवीन माणूस खुर्चीत बसलं की तो म्हणायचा, "देखो नक्को, करो."

सुट्टी संपायच्या आत त्यानं एक छोटा दिवा जोडला. लहर दबली की दिवा लागे. कधी आपोआपही लागे, कधी मी जिवाचं रान केलं तरी लागत नसे. पण बहुतेक वेळा लागे. पहिल्यांदा लागला तेव्हा आत्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"तू लावला?"

"मी लावला."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. तारा काढल्या, आत्यानं मलम धुऊन काढलं, की तो क्षण मला सोसत नसे. इतका वेळ बोटांत केस होते. आता बोटंच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. तेव्हा तिथं एक विणकर होता. मेंदूच्या बुडाशी रक्त अडकून त्याचं सगळं शरीर गेलं होतं. बोलणं गेलं होतं, पापण्याही त्याच्या मनासारख्या हलत नसत. त्याला काही कळतं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्याची बायको दिवसभर उशाशी बसून तेलुगूत त्याच्याशी बोलत राही. दिव्याच्या जागी आता घंटा बसवली होती, त्याच्यासाठी. पण त्याच्याकडून ती वाजत नव्हती.

इंजिनियर माझ्याकडे आला. "बहनजी, आप सिखाओ ना इनकू."

माझी बाज त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. मी हिंदीत सांगायचे, इंजिनियर तेलुगूत त्याच्या कानाशी सांगायचा. वर्गात नवीन पोरगं आलं की आधी त्याला काय येतं ते विचारावं लागतं. तसं मी त्याच्या बायकोला विचारलं, ते माग कसा चालवत? उजव्या हातानं दोरी ओढायची की आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो, असं तिनं करून दाखवलं. मी म्हणाले, त्यांना दोरी आठवू दे, तिचा झटका आठवू दे, माग बघू नका म्हणावं. बरेच दिवस असे गेले. शेवटी मी बायकोला म्हणाले, "मागाचा आवाज कसा येतो?"

ती लाजली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं तोंडानं तो आवाज काढायला सुरुवात केली. खट्, खट्, खट्. एका चालीत, न थांबता. 

घंटा वाजली.

ती थांबली. घंटा थांबली. तिनं पुन्हा आवाज काढला, पुन्हा वाजली. 'हो' असेल तर घंटा वाजवायची असं ठरवून इंजिनियरनं तिला काहीतरी विचारायला सांगितलं. ती नवऱ्याकडे वळून एकच वाक्य बोलली. काही वेळ काहीच झालं नाही. मग घंटा वाजली आणि ती बाई होती तिथंच फरशीवर बसली.

"क्या पूछी?" आत्यानं विचारलं.

इंजिनियर कागदाच्या पट्टीवर खूण करत म्हणाला, "मैं रोज बात करती सो तुमकू सुनाई देता क्या, बोलके पूछी."

त्यानं पुढे तोच प्रश्न उलटसुलट विचारून खात्री करून घेतली. घंटा चुकायचीही. पण चुकण्यापेक्षा बरोबर जास्त वाजायची. त्या महिनाभरात मी पुन्हा शिक्षिका होते. सकाळी जाग आली की आज काय शिकवायचं ते डोक्यात असे. आत्याला म्हणायचे, "लवकर आवर, उशीर व्हायलाय."

तिसऱ्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा विणकराची खाट रिकामी होती. थंडीत तो गेला. शेवटपर्यंत घंटा वाजवत होता, असं इंजिनियर म्हणाला. त्याला डाळिंब हवं होतं हेही घंटेवरून कळलं होतं. त्या वर्षी काम फारसं झालं नाही. इंजिनियर पुढे शिकायला परदेशी जाणार होता आणि ते यंत्र दवाखान्याला रोजच्या रोग्यांसाठी लागत होतं. निघायच्या दिवशी मी त्याला विचारलं, "दिया लगा, घंटी बजी. हाथ कब हिलेगा?"

तो खोटं बोलू शकला असता. "हिलेगा किसी का, बहनजी. अपने सामने हिलेगा क्या, वो नै बोल सकता मैं."

घरी आल्यावर जे झालं ते मला वाटलं नव्हतं. हैदराबादला जाण्याआधी मी हातांना विसरत चालले होते. आता ते रोज आठवत. दुपारी सगळे कामाला गेले की मी डोळे मिटून वेणी घालायची. यंत्र नव्हतं, दिवा नव्हता. ते निघतं आहे हे सांगायला कुणी नव्हतं.

एकदा मुलगी शाळेतून आली आणि बाजेशी येऊन म्हणाली, "आई, हैदराबादला तू काय करायचीस?"

"तुझी वेणी घालायचे."

तिला हसू आलं नाही. तिनं दोन्ही रिबिनी सोडल्या, केस मोकळे केले आणि बाजेला पाठ टेकून खाली बसली. "घाल मग."

मी डोळे मिटले. खूप सावकाश घातली, अगदी टोकापर्यंत. ती हलली नाही. तिच्या केसांचा वास मात्र खरा येत होता.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली."

तिनं मागे हात नेऊन मोकळे केस चाचपले आणि रिबीन घेऊन आजीकडे गेली. मला भिंतीकडे तोंड करून हवं होतं, पण फिरवायला जवळ कुणी नव्हतं.

वर्षं गेली. मग एका संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाची बातमी आली तेव्हा वस्तीत हलगी वाजायला लागली. हे परभणीहून गुलालानं माखून आले आणि रडत माझ्या पायाशी बसले. म्हणाले, "आपलं झालं गं." पूर्ण नामांतर नव्हतं, नावाचा विस्तार होता, यावर नंतर वाद झाले. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. माझी बाज चौघांनी उचलून बाहेर नेली. पोरं माझ्याभोवती नाचत होती. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला, तेवढा मला लागला.

त्याच साली उन्हाळ्यात इंजिनियर आला, काही न कळवता. डोक्यावरचे केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. आत्यानं त्याला ओळखलं. पिठलं-भाकरी करून वाढली आणि समोर बसून तो परदेशी काय खात होता ते विचारत राहिली. जेवण झाल्यावर त्यानं मला सांगितलं, तिकडे लांब कुणीतरी मेंदूच्या लहरींवर पडद्यावरचा ठिपका वर-खाली हलवून दाखवला आहे. तो तिथल्या लोकांना म्हणाला होता, आमच्या इथं एका बाईनं मला आतून करायला शिकवलं.

"एक पूछूं?" मी म्हणाले. "मैं अब भी रोज हाथ हिलाती. वो जाता कहां?"

त्यानं स्वतःच्या मानेच्या मागे बोट ठेवलं. "यहां तक आता. रोज आता. आगे रस्ता बंद है."

"वो थकता नहीं?"

त्यानं माझा हात उचलून पांघरुणावर सरळ ठेवला. 

आमचं घर रस्त्यालगत. बस लवकर आली, तो धावत जाऊन चढला. माझी बाज दारात ओढलेली होती. खिडकीतून त्यानं हात हलवला. हे हलवत होते, मुलगी चौकटीला टेकून हलवत होती, आत्याही पदर सावरत हलवत होती. मीही हलवत होते. बस वळणाआड गेली, धूळ खाली बसली, तरी मी थांबले नव्हते.

आत्या वळली. "तोंडावर ऊन आलंय तुझ्या. फिरवू का तिकडं?"

"थांब जरा," मी म्हणाले.